घर ते बेदाणा शेड, ३८० मीटर: नेटची केबल नेण्याच्या नोंदी

ठिकाण तासगाव तालुका, जिल्हा सांगली. रस्त्याकडेच्या घरात फायबरचे ब्रॉडबँड आहे आणि बेदाणा शेड रानाच्या दुसऱ्या टोकाला. शेडवर दोन कॅमेरे हवेत. फेब्रुवारी ते एप्रिल रॅकवर माल असतो. चोरीची काळजी आहेच, पण त्याहून मोठी काळजी अवकाळीची. आभाळ भरून आले की शेडच्या बाजूच्या ताडपत्र्या सोडल्या का, वाऱ्याने कुठली उडाली का, हे घरातून दिसले पाहिजे. दोन तास पाऊस आत आला तर रॅकवरचा माल काळा पडतो आणि वर्षाचा पैसा जातो. असेच अंतर पार करायचे असलेल्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून सगळे खर्चासकट लिहून ठेवतो आहे.

७ जानेवारी २०२४

बांधाबांधाने टेप लावला. घराच्या भिंतीपासून शेडच्या खांबापर्यंत ३८० मीटर. मोबाईलच्या नकाशावर सरळ रेषेत ३१० दिसते, पण केबल सरळ रेषेत जात नाही. मधे द्राक्षबाग आहे, विहीर आहे, एक वळण आहे. मोजायचे ते केबल जाणार त्याच वाटेने.

तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. त्यात ९० मीटर पक्की ओढलेली केबल आणि दोन्हीकडच्या पॅचकॉर्ड (जोडायच्या छोट्या केबली) मिळून १० मीटर. आपले अंतर त्याच्या जवळपास चौपट.

वायरलेसचा विचार पहिल्यांदा केला आणि सोडला. घर आणि शेड यांच्या मधल्या पट्ट्यात शेजारच्या तात्यांचा ऊस आहे. एक प्लॉट तुटला तर दुसरा उभा असतोच. १०-१२ फूट उंच, पाण्याने भरलेल्या पानांतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल धड जात नाही. दोन्हीकडे उंच खांब उभे केले तर जमेल, पण आमच्याकडे एप्रिल-मेचा वळीव पत्रे उडवून नेतो, तिथे ३० फुटी खांबाला ताण देत बसायचे नाही. केबलच न्यायची.

११ जानेवारी

बाजारातून कॅट-६ दर्जाच्या नेटवर्क केबलचा ३०५ मीटरचा बॉक्स आणला, ३,१०० रुपये. बॉक्सवर मोठ्या अक्षरात कॅट-६ आणि खाली बारीक अक्षरात सीसीए. रानात ओढण्याआधी घरातच तपासायचे ठरवले. रोल न उलगडता दोन्ही टोकांना आरजे-४५ (नेटवर्क केबलचे प्लग) मारले. एक टोक राउटरला, एक लॅपटॉपला.

१००० एमबीपीएसला दिवा नाही, १०० लाही नाही. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग १० वर बांधून टाकला तेव्हा दिवा लागला. छोटे पिंग (समोरून उत्तर येते का बघायची डेटाची पाकिटे) जात होते. पाकिटाचा आकार १४०० बाइट केला की निम्मी पाकिटे गळत होती. एवढ्यावर कॅमेऱ्याचे चित्र येणार नाही.

मग मल्टिमीटर लावला. एका जोडीच्या दोन तारा लांबच्या टोकाला पिळून एकत्र केल्या आणि जवळच्या टोकावर रेझिस्टन्स मोजला. ८२ ओहम. शुद्ध तांब्याच्या चांगल्या केबलला पूर्ण बॉक्समध्ये तो ५० च्या आसपास येतो आणि कितीही झाले तरी ५७ च्या आत हवा. चाकूने तार खरवडली तर लाल रंगाखाली पांढरे ॲल्युमिनियम. सीसीए म्हणजे तेच, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. कॅट-५ई किंवा कॅट-६ च्या मानकात ही तार बसतच नाही, तरी त्याच नावाने विकली जाते. टोक दोनदा वाकवले की तुटते. शिवाय केबलमधूनच वीज पाठवायची म्हटले तर दीडपट रेझिस्टन्स म्हणजे दीडपट नुकसान.

कुठलीही केबल घेताना दुकानातच हे माप घ्या. बॉक्समधून आतले टोकही बाहेर काढता येते. दोन मिनिटांचे काम आहे. दुकानदार कुरकुरला तर दुसरे दुकान बघा.

हा बॉक्स आता घरातल्या घरात दहा-वीस मीटरच्या कामांना.

१९ जानेवारी

शेडवरची लाईट हा खरा पेच आहे. तिथे शेतीपंपाचा फीडर येतो. आठवडा दिवसपाळी, आठवडा रात्रपाळी, मधेच फेज जातो. कॅमेरा २४ तास चालायचा तर तिथल्या विजेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून तांब्याची केबल हवीहवीशी वाटते. पीओई वापरले की त्याच केबलमधून नेटही जाते आणि वीजही, आणि घरात इन्व्हर्टर आहे.

बेत असा: घरी पीओई स्विच, दर ९५ मीटरवर एक पीओई एक्स्टेंडर असे वाटेत तीन, आणि शेडवर एकातून दोन फाटे काढणारा चौथा. एक्स्टेंडर सिग्नल नव्याने पाठवतो, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला पुन्हा १०० मीटर मिळतात. त्याला वेगळी वीज लागत नाही, येणाऱ्या पीओईतूनच थोडी खातो.

या वेळी शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची काळ्या जाड आवरणाची कॅट-६ घेतली. ४०० मीटर, १३,५०० रुपये. मल्टिमीटर लावूनच पैसे दिले. एक्स्टेंडर ९५० चे तीन, दोन फाट्यांचा १,३००. पीओई स्विच २,९००.

२८ जानेवारी

केबल ओढून झाली. चारी काढायला वेळ नव्हता, माल शेडवर यायला लागणार होता, म्हणून बागेच्या मांडवाच्या तारेला बांधत नेली. लोखंडी अँगलवर छोट्या प्लास्टिक पेट्या ठोकून त्यात एक्स्टेंडर बसवले. पेटीला भोक खालच्या बाजूने, केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाते, आत शिरत नाही.

पहिला कॅमेरा लागला. चित्र स्वच्छ. आबांनी खुर्चीत बसून रॅक मोजले.

६ फेब्रुवारी

एका पेटीतला एक्स्टेंडर बंद. उघडली तर आत काळ्या मुंग्यांचे वारूळ, आरजे-४५ च्या खाचेत मातीचा गोळा. पेटी कोमट राहते, थंडीत मुंग्यांना तीच जागा आवडते. साफ करून भोक सिलिकॉनने बुजवले, सगळ्याच पेट्यांचे. यात अर्धा दिवस गेला.

१४ फेब्रुवारी

दुसरा कॅमेरा जोडला. दिवसभर दोन्ही ठीक. दिवेलागणीला दोन्ही बंद, मिनिटभराने चालू, पुन्हा बंद. रात्रभर तसेच. सकाळी सूर्य वर आला की आपोआप ठीक.

आधी केबल हलवून पाहिली, टोके पुन्हा मारली. फरक नाही. मग घरच्या पीओई स्विचच्या दिव्याकडे बघत बसलो तेव्हा उलगडा झाला. अंधार पडला की कॅमेऱ्याचे आयआर (अंधारात बघायचे इन्फ्रारेड) दिवे लागतात आणि त्याची भूक जवळपास दुप्पट होते, साडेतीन वॉटवरून साडेसहा. दोन कॅमेरे तेरा, चार एक्स्टेंडर मिळून चारेक, आणि ३८० मीटर तांब्यात गरम होऊन वाया जाते ती दोन-अडीच. बेरीज १९ च्या पुढे. साध्या पीओईच्या पोर्टमधून १५.४ वॉटच निघतात. स्विच ओव्हरलोड बघून पोर्ट तोडतो, आयआर विझतात, पोर्ट पुन्हा देतो, आयआर पुन्हा लागतात.

३० वॉटचा मोठा स्विच घेऊन उपयोग नाही, कारण एक्स्टेंडर स्वतःच १५ च्या वर्गातले आहेत. तूर्त मागच्या कॅमेऱ्याचे आयआर सेटिंगमधून बंद केले. रात्री त्याला फक्त अंधार दिसतो, पण ताडपत्री फडफडली तर आवाज येतो. हंगाम असाच काढायचा.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी विजेची बेरीज रात्रीच्या आकड्याने करावी. कॅमेऱ्याच्या डब्यावर आयआर चालू असतानाचा वॉटचा आकडा दिलेला असतो, तोच धरायचा.

२२ एप्रिल

काल रात्री वळीव. आमच्या रानात वीज पडली नाही, ओढ्यापलीकडच्या नारळावर पडली, निदान पाऊण किलोमीटर लांब. तरीही तीन एक्स्टेंडर गेले, घरचा पीओई स्विच गेला, राउटरचे एक पोर्ट गेले, पुढचा कॅमेरा गेला. मागचा वाचला. एका एक्स्टेंडरच्या पेटीत पोर्टच्या पिना वितळून काळ्या पडलेल्या दिसल्या.

माल उतरून झाला होता, एवढे बरे.

१०० मीटरची मर्यादा एक्स्टेंडरने ओलांडता येते, पण ही अडचण त्याने सुटत नाही. घराची जमीन आणि शेडची जमीन विजेच्या दृष्टीने एक नाही. जवळपास वीज पडली की दोन्हींमधला फरक क्षणभर हजारो व्होल्टवर जातो आणि मधली तांब्याची तार त्याला वाट देते. नेटवर्क पोर्टच्या आतला छोटा ट्रान्सफॉर्मर १,५०० व्होल्टपर्यंत अलगपणा राखेल एवढेच मानक आहे. त्यात आमची केबल मांडवाच्या तारेला बांधलेली. द्राक्षाचा मांडव म्हणजे एकरभर पसरलेले लोखंडी जाळेच. आसपासच्या विजेचा झटका गोळा करायला याहून मोठी गोष्ट रानात दुसरी नाही.

सर्ज प्रोटेक्टर मिळतात. पण ते प्रत्येक टोकाला चांगल्या अर्थिंगला जोडावे लागतात, आमच्या काळ्या रानात उन्हाळ्यात जमीन भेगाळली की अर्थिंगचा भरवसा राहत नाही, आणि झटका झेलून तेही मरतात. घराबाहेर, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांबे न्यायचेच नाही असे ठरवले. आबा म्हणाले, “आता काय लागंल ते एकदाच लाव. दरसाल वळवाला पैसं द्यायचं न्हाईत.”

३० एप्रिल

फायबरची चौकशी. एवढे दिवस वाटत होते की हे कंपन्यांचे काम, आपल्या आवाक्यातले नाही. भाव ऐकून बसलो. घरोघरी ब्रॉडबँडला येते तीच चपटी ड्रॉप केबल, दोन कोअरची (आत उजेड नेणारे दोन काचेचे तंतू), ५०० मीटरचा रोल ३,४०० रुपये. मीटरला सातच्या आत. तांब्याची केबल मीटरला ३४ ला पडली होती.

दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तांब्यातला सिग्नल उजेडात आणि उजेडाचा परत तांब्यात बदलणारे डबे. १०/१०० चा जोड १,६०० ला. गिगाबिटचा जोड थोडा महाग आहे, पण दोन कॅमेरे मिळून ८-१० एमबीपीएसच्या वर जात नाहीत, तेव्हा १०० भरपूर झाले. हे कन्व्हर्टर एकाच कोअरवर जाणे-येणे दोन्ही करतात: एक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलटे. म्हणून जोडात एक ए आणि एक बी लागतो. दुकानातून दोन्ही ए आले होते, ते घरी आल्यावर लेबल वाचताना कळले. दोन ए एकमेकांशी कधीच बोलणार नाहीत. बदलून आणले, सांगलीची एक खेप वाया. दुकानातच दोन्हींच्या पाठीवरचे टीएक्स-आरएक्सचे (पाठवण्या-ऐकण्याचे) आकडे वाचा.

त्यांच्या डब्यावर २० किलोमीटर लिहिले आहे. ३८० मीटरला आता कसलीच चिंता नाही.

९ मे

चारी. जेसीबीला अरुंद बकेट लावून बांधाच्या कडेने दोन फूट खोल. तासाला १,१०० रुपये, पाच तास. विहिरीजवळ ठिबकच्या सबमेनला बकेट लागली आणि पीव्हीसी फुटली. सबमेन कुठून गेली आहे हे आबांना माहीत होते, पण ते त्या वेळी घरी होते. कपलर आणून जोडेपर्यंत जेसीबी उभा, मीटर चालू. चारी काढताना रान ज्याच्या पायाखालचे आहे त्याला सोबत उभे करा.

११ मे

पाईप: ३२ एमएमची एचडीपीई, मीटरला २४ रुपये, ३८० मीटरचे ९,१२० झाले. या कामातली सगळ्यात महाग वस्तू फायबर नव्हे, पाईप. केबल नुसती पुरली असती तर वाचले असते, पण आमच्याकडे घुशी आहेत आणि काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, ती भेग केबलला ताणते.

१०० मीटरच्या गुंडाळ्यांना जोडण्याआधीच प्रत्येकीतून नायलॉन दोरी पार केली. उन्हात तापवून सरळ केलेल्या पाईपात स्प्रेच्या कॉम्प्रेसरने हवा मारली, दोरीच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा. एका दमात दुसऱ्या टोकाला. जोडाच्या जागी सिमेंटची छोटी चेंबरे बांधली, त्यावर फरशी. ३८० मीटर एका ओढीत नेऊ नका. वळणावर केबल पाईपला घासते आणि ताण वाढत जातो. आम्ही चेंबर ते चेंबर ओढली, मधल्या चेंबरात ढीग न करता इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळत गेलो म्हणजे पीळ पडत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट. ड्रॉप केबलच्या कडेला लटकवण्यासाठी एक पोलादी तार असते. ती पूर्ण लांबीची सोलून काढली. टोकाला ब्लेडने दोन इंच चीर द्यायची, मग दोन हातांनी ओढली की मधले पातळ आवरण फाटत जाते आणि तार वेगळी होते. जाळीच्या सावलीत बसून दोघांनी केले. राहिलेल्या चपट्या केबलला ताकद देणाऱ्या दोन काड्या काचतंतूच्या असतात, धातूच्या नाहीत. काही केबलींमध्ये त्या जागीही पोलाद असते, टोक कापून बघून घ्या. आता घर आणि शेड यांच्यात धातूचा एक धागाही नाही. वळीव येऊ दे.

१५ मे

जोडणीवाला आला. गावोगावी ब्रॉडबँडची जोडणी करणारा मुलगा, हात अतिशय साफ. स्प्लायसिंगचे मशीन शेडच्या पायरीवर मांडले, केसाएवढा काचेचा तंतू पुसला, क्लीव्हरने टोक कापले, मशीनच्या पडद्यावर दोन काचेची टोके समोरासमोर आली, ठिणगी, झाले. वर छोटी नळी चढवून तापवली. दोन्ही कोअर, दोन्ही टोके, असे चार जोड, २५० प्रमाणे हजार. पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे छोटे तुकडे) आणि भिंतीवरच्या डब्या ६००.

कन्व्हर्टर लावले. फायबरचा दिवा लागायचा, विझायचा. पिंग दहा जायचे, चार गळायचे.

लाल लेझरचा पेन घरच्या टोकाला लावला तर शेडवर लाल ठिपका दिसला, म्हणजे कोअर कुठे तुटलेला नाही. मग पॉवर मीटर. कन्व्हर्टरच्या तोंडाशी उणे ८ डीबीएम निघत होते (हे उजेडाच्या ताकदीचे माप, उणे आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). शेडच्या टोकाला उणे २२. ४०० मीटर फायबरमध्ये एक दशांश डीबीच्या थोडे वर जायला हवे, जोड आणि कनेक्टर धरून फार तर एक. इथे चौदा गेले. कन्व्हर्टरला उणे २३ पर्यंत ऐकू येते, म्हणून तो कड्यावर उभा राहिल्यासारखा लागत-विझत होता.

पिगटेलचे कनेक्टर हिरवे होते. ब्रॉडबँडच्या घरच्या पेटीला बऱ्याचदा हिरवे लागतात, म्हणून त्या मुलाच्या पिशवीत हिरवेच असतात. हिरव्याचे टोक ८ अंशात तिरके घासलेले असते. कन्व्हर्टरचे तोंड निळ्यासाठी, सपाट टोकासाठी असते. दोन्ही एकाच खाचेत बसतात, खटकन आवाजही येतो, पण तिरके टोक सपाटाला पूर्ण टेकत नाही, मधे हवेची फट राहते आणि उजेड तिथे सांडतो. जोर लावला तर टोके चरतात ते वेगळेच.

१८ मे

निळी पिगटेल घेऊन तो परत आला, चारही जोड नव्याने केले, फक्त पिगटेलचे पैसे घेतले. प्रत्येक टोक लावण्याआधी आयपीएच्या (सफाईच्या अल्कोहोलच्या) कापडाने पुसले. शेडवर मीटर दाखवतो उणे ८.७. दिवा लागला तो लागलाच.

पण वेग अजून रडत होता. घरच्या नव्या स्विचवर पोर्ट हाफ डुप्लेक्स (एका वेळी नुसते पाठवणे किंवा नुसते ऐकणे) दिसले. कन्व्हर्टरच्या पोटातल्या बारीक बटणांपैकी एक १०० फुलवर (दोन्ही एकदम) बांधलेले होते आणि स्विच ऑटोवर (समोरच्याशी बोलून ठरवणे). एकीकडे बांधलेले आणि दुसरीकडे ऑटो असले की ऑटोवाला समोरच्याची भाषा न कळल्याने हाफवर जाऊन बसतो, आणि ओझे वाढले की पाकिटे गळतात. बटण ऑटोवर केले. १४०० बाइटचे पिंग तासभर चालू ठेवले, एकही गळले नाही.

त्याच बटणांत एक एलएफपीचे असते. ते चालू ठेवा. फायबर तुटले तर कन्व्हर्टर तांब्याकडचा दिवाही घालवतो, त्यामुळे बिघाड घरबसल्या स्विचवर दिसतो.

२६ मे

फायबरमधून वीज जात नाही. तेवढी एक सोय गेली, तिची किंमत सोलरने भरली. १६५ वॉटचे पॅनेल ६,२००, ४० एएचची १२ व्होल्ट बॅटरी ५,४००, चार्ज कंट्रोलर १,१००, पेटी-वायरी १,३००. कॅमेरे थेट १२ वर (बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते, तेव्हा कॅमेऱ्याला तेवढे चालते का हे लेबलवर बघा). कन्व्हर्टर आणि छोटा स्विच ५ व्होल्टचे, त्यांना व्होल्टेज उतरवणारे एक बक मॉड्यूल.

दिवसाला साधारण ३५० वॉट-तास लागतात. आमच्याकडच्या उन्हात हे पॅनेल त्याच्या दीडपटीच्या पुढे देते. रात्रीत बॅटरी निम्मी उतरते, त्याहून खाली जाऊ द्यायची नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचे आयआर आता रात्रभर चालू.

चारी, पाईप, फायबर, जोडणी मिळून २१,२०० आणि सोलर १४,०००. आधीच्या तांब्याच्या मार्गावर २३,६५० गेले होते. त्यातली ४०० मीटर केबल मांडवावरून उतरवून ठेवली आहे, शेडच्या आतल्या वायरिंगला वापरतो आहे.

१२ जून

मृगाच्या तोंडावर दोन मोठे वळीव झाले. दुसऱ्या वेळी विहिरीजवळच्या बाभळीवर वीज पडली, बाभूळ उभी चिरली. चारी तिथून वीस फुटांवरून जाते. डीपीचा फ्यूज गेला, तात्यांच्या मोटारीचा स्टार्टर गेला. शेडचे चित्र चालू.

२ मार्च २०२५

दुसरा हंगाम. मागच्या कॅमेऱ्याचा वेग १०० वरून १० वर आला, मग बंदच. फायबर, कन्व्हर्टर, वीज सगळे ठीक. कॅमेऱ्याची तांब्याची केबल जेमतेम २० मीटर.

स्विचमधून आरजे-४५ काढला तर सोनेरी पिनांवर हिरवट-काळी पूड. पेटी सल्फरच्या धुरीच्या खोलीशेजारी लावली होती. पिवळ्या मालासाठी गंधक जाळतो, त्याचा धूर फटीतून येतो, रात्रीच्या दवाशी मिळून आम्ल होते आणि तांबे खाते. बेदाणा शेडवर कुणी काही बसवणार असेल तर ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी, कॅमेरेवाल्यांना ती माहीत नसते.

पेटी शेडच्या पश्चिमेच्या, वाऱ्याच्या बाजूला हलवली. रबरी गॅस्केटची पेटी घेतली, केबल ग्लँडमधून खालून आत, नव्या कनेक्टरवर सिलिकॉन ग्रीस. फायबरचे टोक पुसून परत लावले. काचेला धुराने काही झालेले नव्हते, मीटर उणे ८.८ दाखवतो.

२३ मार्च

दुपारी तीनला आभाळ आले. मी तासगावात होतो. मोबाईलवर बघून फोन केला, पूर्वेची ताडपत्री अर्धीच सोडली होती, ती पोरांनी पूर्ण सोडली. पाऊस चार वाजता. माल कोरडा.

६ एप्रिल

दुसरा कोअर मोकळा आहे. विहिरीजवळच्या चेंबरात केबल कापून तो मोटारीच्या पेटीकडे वळवायचा, म्हणजे पाण्याची पातळी आणि स्टार्टर घरून दिसेल. तिथे चालू कोअरचाही जोड करावा लागेल, तेव्हा शेडचे चित्र तासभर बंद राहणार. शेडवरचा शेवटचा माल उतरला आणि द्राक्षबागेची खरड छाटणी आटोपली की जोडणीवाल्याला बोलवायचे. निळी पिगटेल आणि ए-बीचा एक जोड आणून ठेवला आहे. पेटीपर्यंत चेंबरापासून १४ मीटर चारी हाताने काढावी लागेल, सबमेन तिथूनच जाते.